वाढवलेल्या इंजिनाचं टायमिंग: आकडा वरून धरा, खालून नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या चार सिलिंडरच्या गाडीचं इंजिन बोअर करून घेतलंय, हेड घासून कॉम्प्रेशन ८.८ वरून १० च्या आसपास नेलंय, जास्त ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅम टाकलाय आणि एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन आलेत. डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) मात्र मूळचाच, सीबी पॉइंटचा, म्हणजे उघडझाप करणाऱ्या पॉइंटनी ठिणगी पाडणारा. मॅन्युअलमध्ये आयडलिंगला १० अंश लिहिलंय (पिस्टन सर्वांत वर पोचायच्या आधी क्रँकचे इतके अंश उरले असताना ठिणगी) म्हणून तेवढंच लावलं. आता खालच्या आरपीएमला गाडी मरगळल्यासारखी चालते, उभी ठेवली की तापते आणि चढावर टॉप गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन टकटकतं. टायमिंग वाढवलं की टकटक वाढते, कमी केलं की होता तो पिकअपही जातो. मग नेमके किती अंश ठेवायचे?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य बाजूला ठेवून आधीची लक्षणं पाहा. एकच इंजिन खाली टायमिंग मागे असल्यासारखं वागतंय आणि मध्ये टायमिंग पुढे गेल्यासारखं. डिस्ट्रिब्युटर फिरवून तुम्ही संपूर्ण टायमिंग एकदम पुढे किंवा एकदम मागे नेता. त्यामुळे एक दुखणं बरं होतं तेव्हा दुसरं बळावतं. तुम्हाला आकडा नाही, कर्व्ह बदलायचा आहे: कुठल्या आरपीएमला किती ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी) आणि तो किती वेगाने वाढतो. मूळ कर्व्ह कारखान्याने मूळ कॅम आणि मूळ कॉम्प्रेशनसाठी बेतला होता. त्या दोन्ही गोष्टी तुमच्या इंजिनात आता नाहीत, त्यामुळे मॅन्युअलमधला १० हा आकडा तुमच्यासाठी फक्त माहितीपुरता उरला.

थोडं कारण सांगतो, म्हणजे पुढची कृती पाठ करावी लागणार नाही. ठिणगी पडली की मिश्रणाचा स्फोट होत नाही, ते जळत जातं आणि त्याला वेळ लागतो. सिलिंडरमधला दाब पिस्टन टीडीसी (त्याची सर्वांत वरची जागा) ओलांडून साधारण १५ अंश खाली आल्यावर सर्वांत जास्त असावा, तेव्हा क्रँकवर त्याचा पुरेपूर उपयोग होतो. म्हणून ठिणगी आधी पाडायची. ८०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ४.८ अंश फिरतो, ६००० ला ३६ अंश. जळायला दर वेळी सारखाच वेळ लागला असता तर ॲडव्हान्स वाढवतच न्यावा लागला असता. पण आरपीएमबरोबर आत येणाऱ्या मिश्रणाची घुसळणही वाढते आणि ज्वाला वेगाने पसरते. त्यामुळे साधारण ३००० ते ३५०० नंतर ॲडव्हान्स सपाट ठेवला तरी चालतो. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं, जी वेगाबरोबर बाहेर फेकली जाऊन ॲडव्हान्स वाढवतात, ती तिथेच स्टॉपला टेकतात, त्याचं कारण हेच.

आता तुमच्या कॅमकडे या. जास्त ड्युरेशनच्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. खालच्या आरपीएमला वर येणारा पिस्टन आत आलेल्या मिश्रणातला काही भाग परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. शिवाय ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) जास्त असल्यामुळे जळलेला वायू आत मागे राहतो. म्हणजे मिश्रण कमी, त्यात भेसळ आणि दाबही कमी. असं मिश्रण सावकाश जळतं, त्याला ठिणगी आधी हवी असते. आयडलिंगला १० अंशांवर ते जळून संपायच्या आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, उष्णता एक्झॉस्ट पोर्टमधून हेडच्या पाण्यात जाते आणि उभी गाडी तापते. रेडिएटर बदलायच्या आधी टायमिंग पाहा, असं मी म्हणतो ते यासाठी.

वरच्या टोकाला उलटा प्रकार असतो. तिथे तोच कॅम सिलिंडर छान भरतो, १० चं कॉम्प्रेशन मिश्रण जास्त दाबतं आणि तापवतं, ज्वाला भरभर जाते. मग तिथे ॲडव्हान्स मूळच्या इतकाच किंवा दोन अंश कमी लागतो. बोअर वाढल्यामुळे ज्वालेला थोडं जास्त अंतर कापावं लागतं हे खरं, पण रस्त्यावरच्या गाडीत तेवढ्याचा हिशेब करायची गरज पडत नाही.

म्हणजे खाली जास्त, वर तेवढाच किंवा कमी. मूळ डिस्ट्रिब्युटर समजा १० वर सुरू होऊन वजनांमुळे २४ अंश वाढवत असेल, तर एकूण ३४ होतात. तुमच्या इंजिनाला मी १६ पासून सुरुवात आणि एकूण ३२ असं काही तरी गृहीत धरेन. म्हणजे वजनांनी फक्त १६ अंश द्यायचे. वजनांचा मूळचा प्रवास तसाच ठेवून नुसतं १६ लावलं तर वर ४० होतात. तिथे नॉकिंग, म्हणजे तीच टकटक, सुरू झालं तरी इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या आवाजात ते कानावर येत नाही, आणि मग कळतं ते पिस्टनच्या कडा खाल्ल्यावर.

हे आकडे कशावर अवलंबून आहेत ते आधीच सांगतो, नाहीतर कोणी तरी ३२ हा मंत्र समजून जाईल. पहिलं, कम्बशन चेंबरचा आकार. जुन्या दोन व्हॉल्व्हच्या, बाजूला प्लग असलेल्या हेडना बहुधा ३० ते ३४ लागतात. मोठ्या घुमटाच्या हेमी चेंबरना त्याहून जास्त, आणि चार व्हॉल्व्हच्या, मध्यभागी प्लग असलेल्या हेडचं काम अनेकदा ३० च्या आतच भागतं. दुसरं, पेट्रोलचं ऑक्टेन. तुम्ही नेहमी जे भरता त्यावरच सेटिंग करा, टाकीत कधीमधी भरलेल्या चांगल्या पेट्रोलवर नको. तिसरं, मिश्रण. लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालणारं इंजिन टायमिंग बरोबर असूनही टकटकतं. दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवलेले नसतील, कुठे गॅस्केटमधून हवा ओढली जात असेल, तर ते आधी निस्तरा. मिश्रण नंतर बदललंत तर टायमिंग पुन्हा पाहावं लागेल. गरम हवा, जास्त वजन, लांब गिअरिंग या सगळ्यांमुळे नॉकिंग जवळ येतं.

पुढची पायरी लोकांना कंटाळवाणी वाटते, पण ती टाळून केलेलं सगळं मोजमाप फुकट जातं. पुलीवरची टीडीसीची खूण खरी आहे का? जुन्या डॅम्परची (क्रँकच्या टोकावरच्या, कंपनं शोषणाऱ्या पुलीची) बाहेरची कडी रबरावर चिकटवलेली असते. रबर म्हातारं झालं की कडी सरकते आणि तिच्याबरोबर खूणही. मग स्ट्रोब (ठिणगीबरोबर चमकणारा टायमिंगचा दिवा) प्रामाणिकपणे चुकीचं सांगतो. तपासायला पिस्टन स्टॉप वापरा: सगळे प्लग काढा, एक नंबरच्या भोकात असा स्टॉप घाला की पिस्टन टीडीसीच्या आधीच अडेल. क्रँक हाताने, पान्याने फिरवा, सेल्फ मारू नका. पिस्टन अडला की पॉइंटरसमोर पुलीवर रेघ मारा. आता उलट्या दिशेने अडेपर्यंत फिरवा, दुसरी रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मधोमध खरी टीडीसी. खूण दोन-तीन अंशांनी चुकलेली असणं अगदी नेहमीचं आहे.

मग पुलीवर ३२ अंशांची खूण करा. बहुतेक जुन्या गाड्यांवर एवढ्या वरची खूण नसतेच. पुलीचा व्यास १५० मिमी असेल तर परीघ ४७१ मिमी, ३६० ने भागून एका अंशाला १.३१ मिमी. म्हणजे ३२ अंशांना ४२ मिमी, १६ ला २१ मिमी. कागदाची पट्टी कापून पुलीच्या कडेवर गुंडाळा आणि टीडीसीच्या खुणेपासून फिरण्याच्या दिशेने पुढे मोजा, मागे नाही. पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्या. डायल असलेला स्ट्रोब असेल तर हे लागत नाही, पण एका चक्रात अनेक ठिणग्या देणाऱ्या इग्निशन बॉक्सबरोबर असे स्ट्रोब कधी कधी भलतंच दाखवतात. पुलीवरचा ठिपका कधी फसवत नाही.

डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला असेलच तर तो नीट पाहून घ्या. शाफ्ट बाजूला हलवून बघा. बुश झिजलेला असेल तर पॉइंट उघडण्याची वेळ दर फेरीला बदलते, स्ट्रोबखाली खूण थरथरते आणि तुम्ही कर्व्ह कितीही सुंदर केला तरी उपयोग नाही. बेस प्लेटच्या खाली वजनं वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकलेली सापडतात. रोटर हाताने फिरवून सोडला तर तो स्प्रिंगने झटकन परत आला पाहिजे, अर्ध्यावर रेंगाळता कामा नये. आणि दोन स्प्रिंगांपैकी एक जाड असते, तिचा कान पिनवर सैल लोंबतो. पुष्कळ जण ती ताणली गेली असं समजून चिमट्याने आवळतात. ती मुद्दाम सैल असते: सुरुवातीला एकटी बारीक स्प्रिंग काम करते, ॲडव्हान्स भराभर वाढतो, मग जाड स्प्रिंग ताणात येते आणि वाढ मंदावते. कर्व्हला जो कोपरा असतो तो हाच. ती आवळलीत की कोपरा गेला.

तुमची चढावरची टकटक बहुधा इथूनच येते. इतक्या वर्षांनी बारीक स्प्रिंग थकते आणि ॲडव्हान्स लवकर येतो. २००० ते २५०० च्या दरम्यान, पाय पूर्ण दाबलेला, गाडी ओझ्याखाली: सिलिंडर भरपूर भरलेला असतो, घुसळण मात्र अजून पूर्ण नसते आणि शेवटच्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळ मिळतो. इथे ॲडव्हान्स जपून द्यायचा असतो. तुमचा डिस्ट्रिब्युटर इथेच सढळ हाताने देतोय, असा माझा अंदाज. खात्री करायला स्ट्रोब लावून १०००, १५००, २००० असं ५००-५०० ने आरपीएम वाढवत वाचन घ्या आणि कागदावर आलेख काढा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यानंतर अंदाज करावे लागत नाहीत. आयडलिंगचा आरपीएमही तपासा, कारण थकलेली स्प्रिंग ९०० लाच उघडू लागली असेल तर तुम्ही १० समजून मोजलेल्यात वजनांचे तीन-चार अंश आधीच मिसळलेले असतील.

वजनांचा प्रवास कमी कसा करायचा हे डिस्ट्रिब्युटरच्या बांधणीवर आहे. काहींत पिन खाचेत सरकते, तिथे पिनवर योग्य जाडीचं बुश चढवलं की झालं. लुकासच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये कॅमच्या पायाची एक भुजा पूर्ण ॲडव्हान्सला स्टॉपवर टेकते. त्या भुजेवर पितळेचा थर चढवून, कानशीने थोडं थोडं घासत हवं ते माप आणतात. तिथे कोरलेला १० किंवा १२ सारखा आकडा दिसेल. तो डिस्ट्रिब्युटरच्या अंशांत असतो, क्रँकच्या नाही. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून १२ म्हणजे क्रँकचे २४. तुम्हाला क्रँकचे १६ हवेत, म्हणजे इथे ८. या दुपटीच्या हिशेबात भले भले गोंधळतात. हे काम स्वतः जमणार नसेल तर डिस्ट्रिब्युटर टेस्ट मशीन असलेल्या माणसाकडे द्या आणि त्याला आलेख दाखवा. प्रोग्रॅम करता येणारा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर घेतलात तर ही कानस-घासाघीस वाचते. बाहेरून गाडीचं जुनेपण हवं असेल तरी त्यात हरकत घेण्यासारखं मला काही वाटत नाही.

इथपर्यंतचं एका दमात: टीडीसी खरी करून घेतली, ३२ ची खूण केली, डिस्ट्रिब्युटरचे आजार काढले, वजनांचा प्रवास क्रँकच्या १६ अंशांवर आणला. आता लावायचं.

पॉइंटचा गॅप सगळ्यात आधी. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं, म्हणून टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावला तर सगळं परत करावं लागतं. इंजिन पूर्ण तापू द्या. व्हॅक्यूमची नळी डिस्ट्रिब्युटरकडून काढा आणि तिचं उघडं टोक बंद करा, नाहीतर तिथून हवा ओढली जाऊन मिश्रण लीन होईल. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प असा सैल करा की बॉडी हाताने फिरेल पण आपोआप हलणार नाही. आता रेस वाढवत न्या आणि खूण पाहत राहा. एका जागी खूण पुढे सरकायची थांबते, बहुधा ३५०० च्या आसपास. तिथून आणखी दोन-तीनशे आरपीएम वाढवून ती खरंच थांबली याची खात्री करा. त्या आरपीएमला बॉडी फिरवून पहिल्या दिवशी २८ लावा, ३२ नाही. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट बॉडी फिरवली की टायमिंग पुढे जातं. क्लॅम्प आवळा, पुन्हा बघा, कारण आवळताना बॉडी अंशभर सरकतेच. हात, बाह्या आणि स्ट्रोबची वायर पंख्यापासून लांब ठेवा. स्ट्रोबच्या उजेडात पंखा थांबल्यासारखा दिसतो, हे लक्षात असू द्या.

आयडलिंगला जो आकडा निघेल तो निघू द्या. २८ उणे १६, म्हणजे सुरुवातीला १२ दिसतील. मग गाडी रस्त्यावर न्या. एक चढाचा, मोकळा, सरळ पट्टा ठरवा, एकच गिअर, एकाच वेगापासून दुसऱ्या वेगापर्यंत लागणारा वेळ शेजारच्या माणसाला मोजायला सांगा. दोन अंश वाढवा, परत तेच करा. वेळ कमी होतोय तोवर पुढे जा. ज्या वाढीने वेळ काहीच कमी झाला नाही, ती वाढ काढून घ्या. जास्तीत जास्त ताकद देणारा सर्वांत कमी ॲडव्हान्स आपल्याला हवा असतो. नॉकिंगपर्यंत जाऊन एक अंश मागे यायची पद्धत मला पटत नाही, कारण पुष्कळ इंजिनांत ताकद वाढायची थांबते ती नॉकिंगच्या बरीच आधी, आणि मधल्या पट्ट्यात तुम्ही फक्त उष्णता विकत घेता.

टकटक आणि बाकी आवाज वेगळे ओळखा. नॉकिंग ओझ्याखाली येतं, पाय थोडा सोडला की लगेच जातं, आवाज धातूच्या डब्यात बारीक खडे हलवल्यासारखा. चावी बंद केल्यावर इंजिन धडपडत राहतं तो प्रकार वेगळा, तिथे कार्बन, प्लगची हीट रेंज आणि आयडलिंगचा जास्त आरपीएम पाहायचा. कानावर विसंबू नका, प्लग वाचा. नवीन प्लग लावून चढावर जोरात चालवा, तिथेच इंजिन बंद करा, थंड होऊ द्या आणि भिंग घेऊन पाहा. खालच्या वाकलेल्या इलेक्ट्रोडवर एक रंगाची रेघ दिसते, जिथपर्यंत धातू तापून रंग बदललाय. ती वाकणापाशी असेल तर टायमिंग जमलंय. टोकाकडेच राहिली असेल तर अजून जागा आहे, वाकण ओलांडून चुडीच्या (प्लगच्या आट्यांच्या) बाजूला गेली असेल तर मागे या. चिनीमातीवर मिऱ्याएवढेही नाहीत असे बारीक काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले तर थांबाच. चकचकीत ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम.

तुम्ही १६ पर्यंत पोचलात आणि गरम इंजिनाला सेल्फ मारताना स्टार्टर अडखळला किंवा उलटा झटका बसला, तर खालची मर्यादा गाठली असं समजा. मग सुरुवात १४ आणि वजनांचा प्रवास १८ अशी वाटणी करा, एकूण तेवढंच ठेवून. आणि चढावर २००० ते २५०० ला टकटक उरलीच, तर एकूण टायमिंग कमी करू नका, आधी स्प्रिंग बदला: बारीकच्या जागी थोडी कडक, म्हणजे तोच ॲडव्हान्स पाच-सातशे आरपीएम उशिरा येईल.

व्हॅक्यूम ॲडव्हान्स (मॅनिफोल्डमधल्या ओढीने ठिणगी आणखी आधी पाडणारी व्यवस्था, जिची नळी आपण काढून ठेवली होती) शेवटी जोडा. 'मॉडिफाइड इंजिनाला तो नको, काढून टाका' असा सल्ला हमखास मिळेल. तो रेससाठी ठीक आहे, तिथे पाय एकतर पूर्ण दाबलेला असतो किंवा ब्रेकवर. रस्त्यावर गाडी निम्मा वेळ हलक्या थ्रॉटलवर चालते. तेव्हा सिलिंडरमध्ये विरळ मिश्रण असतं, ते हळू जळतं आणि ४० ते ४५ अंश आनंदाने घेतं. व्हॅक्यूम काढलात तर पेट्रोल जास्त जाईल आणि इंजिन थोडं तापेल. पाय दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो आणि हे जादाचे अंश आपोआप निघून जातात, म्हणून चढावरच्या नॉकिंगशी त्याचा सहसा संबंध नसतो.

मात्र तुमच्या बाबतीत दोन अडचणी आहेत. मोठ्या कॅममुळे आयडलिंगचा व्हॅक्यूम कमी आणि थरथरता असतो. नळी थेट मॅनिफोल्डला जोडली तर डायफ्रॅम आत-बाहेर करत राहील आणि आयडलिंग डोलेल, म्हणून थ्रॉटलच्या पाकळीच्या वरच्या बाजूचं पोर्ट वापरा. तिथे आयडलिंगला व्हॅक्यूम नसतो. दुसरं, कार्ब्युरेटर प्रत्येक सिलिंडरला वेगळा नळ देणारे असतील, तर एकाच नळातून घेतलेला व्हॅक्यूम धडधडत येतो. सगळ्या नळांना बारीक छिद्रं घेऊन ती एका छोट्या डब्याला जोडायची आणि डब्यातून एक नळी डिस्ट्रिब्युटरला द्यायची. डायफ्रॅम फुटका आहे का हे कळायला नळी तोंडाने ओढून जिभेने बंद करा. बेस प्लेट सरकून तशीच राहिली तर ठीक, हळूहळू परत आली तर फुटका. हलक्या थ्रॉटलवर गाडी गचके देत असेल तर व्हॅक्यूमचे अंश जास्त होतायत, कमी प्रवासाचं युनिट लावा.

सगळं मनासारखं झाल्यावर डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर आणि ब्लॉकवर मिळून एक बारीक रेघ ओरखडून ठेवा, आलेख आणि पॉइंटचा गॅप लिहून ठेवा. पॉइंट नवीन असतील तर त्यांची टाच सुरुवातीला झपाट्याने झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे सरकतं. कॅमला चिमूटभर ग्रीस लावा, आणि काही शे किलोमीटरनंतर आधी फीलर गेज (गॅप मोजायची पट्टी), मग स्ट्रोब, याच क्रमाने एकदा परत तपासा.